माझी फौज, अक्काचा डाव

अक्काचे यजमान गेले, ती बेळगावचं बिऱ्हाड आवरून राजाजीनगरला आमच्याकडे राहायला आली, आणि त्याच वर्षी मला तिचा हेवा वाटू लागला. नवरा गेलेल्या बहिणीचा कुणी हेवा करतं का? मीही स्वतःला तेच विचारत होते. पण झालं ते तसं झालं, आणि तेही बोटाच्या दोन पेरांएवढ्या सैनिकांपायी.

मी दातांची डॉक्टर. दवाखाना घराच्या तळमजल्यावर, वर आई, मी आणि माझा नवरा. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, दारात कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. नवरा सकाळी व्हाइटफील्डच्या कॅबमध्ये बसतो तो अंधार पडल्यावर उतरतो. रविवारी त्याला झोप हवी असते. मला इंदिरानगर हवं असतं.

इंदिरानगरात एका कॉफीच्या दुकानावरच्या माडीवर दर रविवारी आमचा खेळ मांडला जातो. खेळ लढाईचा. मोठं टेबल, त्यावर मातकट हिरवं कापड, थर्माकोलच्या टेकड्या, रंगवलेल्या प्लॅस्टिकची नदी, काडेपेटीएवढी खोपटी. दोन बाजूंना रंगवलेल्या सैनिकांच्या तुकड्या. फासे टाकायचे, फाशांनी दिली तेवढीच मुभा घ्यायची आणि पट्टीने अंतर मोजून तुकड्या पुढे सरकवायच्या. एकाच तुकडीला सारखं पळवलं की तिच्याजवळ थकव्याची लाल सोंगटी ठेवावी लागते. थकलेली तुकडी मार खाते. काळ ठरलेला, हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा. तोफा नाहीत, बंदुका नाहीत. ढाली, भाले, घोडे, धनुष्यबाण, बस.

बहुतेकांच्या फौजा युरोपातल्या. जहाजांतून येणारे व्हायकिंग लुटारू आणि ढालींची भिंत करून त्यांना अडवणारे सॅक्सन. हे सैनिक विकत मिळतात. माझी फौज मात्र राष्ट्रकूटांची, आपल्या दख्खनची, आणि तसे सैनिक कुठेच तयार मिळत नाहीत. मी भलत्याच देशांचे सैनिक मागवले, त्यांची शिरस्त्राणं कापली आणि तिथे अंबाडे बसवले. कवळीसाठी आम्ही जो मसाला कालवतो त्याच्या मिशा केल्या, कुंडलं केली. दात टोकरायच्या हत्याराने धोतरांच्या चुण्या कोरल्या. सगळ्यांत वर माझा मोठा हत्ती. त्याच्या झुलीवरची वेलबुट्टी मी शून्य नंबरच्या ब्रशने काढली, श्वास रोखून, रुट कॅनल करताना रोखते तसा. अख्खा पावसाळा त्या झुलीत गेला.

आई त्यांना बाहुल्या म्हणायची. "झाल्या का गं तुझ्या बाहुल्या? मग जेवायला ये." नवरा वाकून बघायचा, "छान," म्हणायचा आणि पेपर उचलायचा. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट बरंच वाटायचं. घरात एक तरी गोष्ट अशी होती, जी दुसऱ्या कुणाला नको होती.

हे बरं का वाटायचं, ते कळायला आमचं लहानपण सांगायला हवं. अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. शाळेच्या खो-खोच्या संघाची कर्णधार. ती मैदानात उतरली की बाई शिकवणं थांबवून खिडकीशी यायच्या. मी जाड भिंगांचा चष्मा लावून तिच्या चपला आणि पाण्याची बाटली सांभाळत बसायची. मुलींशी माझी ओळख "तिची बहीण" अशीच व्हायची. अक्काने मला कधी हिणवलं नाही, ती कधी टाकून बोलली नाही, आणि त्यामुळे तिच्यावर रागावायचीही सोय नव्हती. पुढे ती बेळगावच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. तिथेही तेच. मी सुट्टीत गेले की रस्त्यातली मुलं ओरडायची, "टीचर, टीचर!" आणि अक्का चालता चालता एखाद्याच्या डोक्यावर टप्पल मारायची.

मग भावजी गेले. ध्यानीमनी नसताना गेले, सकाळी चहा पिताना. अक्का आली ती दोन बॅगा घेऊन आणि व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसली. बसली ती बसलीच. भेटायला येणारे दारातच आवाज खाली आणायचे. कोपऱ्यावरचा भाजीवाला अण्णासुद्धा तिची पिशवी गुपचूप भरून द्यायचा. आई तिच्या ताटात वाढून मग आम्हाला वाढायची. मीही तिला दुपारी कॉफी नेऊन द्यायची, पायाशी बसायची. त्या दिवसांत मला तिचा हेवा वाटत नव्हता. मला तिची भीती वाटायची. इतकी पळणारी बाई इतकी स्थिर बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

एका रविवारी मी सैनिकांची पेटी घेऊन निघाले तेव्हा आई मागून म्हणाली, "हिला ने की बरोबर."

"अगं, तिला कंटाळा येईल. दिवसभर तिथे बसून काय करणार?"

"इथे तरी काय करतेय? स्वल्प वारं लागेल अंगाला."

अक्काने मान वर केली. "नको म्हणत असेल ती तर राहू दे."

असं म्हटल्यावर नको कसं म्हणणार? "चल," म्हटलं, आणि मेट्रोत पेटी मांडीवर घेऊन बसले. अक्का खिडकीबाहेर बघत होती. मला तेव्हाच पोटात काहीतरी टोचलं होतं, पण मी ते पेटीचा कोपरा म्हणून सोडून दिलं.

माडीवर माझा नेहमीचा प्रतिस्पर्धी आधीच टेबल मांडत होता. तो पुण्याचा. व्हाइटफील्डला कुठल्याशा कंपनीत काम करतो आणि मला "डॉक्टर" म्हणतो. माझी फौज बघून त्यानेही हौसेने उत्तरेकडच्या प्रतिहारांची फौज उभी केली होती, बहुतेक घोडदळाची, मागे थोडे तिरंदाज. त्या घोड्यांचे डोळे मी रंगवून दिले होते. दोघांचंही डोकं सारखंच चालायचं, त्यामुळे कधी तो जिंकायचा, कधी मी, आणि मधल्या वेळात कॉफी.

अक्काला त्याने खुर्ची दिली, नियम सांगितले. ती ऐकते आहे की नाही कळत नव्हतं. डाव सुरू झाला. त्याचे घोडे माझ्या डाव्या अंगाला घुसू लागले. मी भालेवाले पुढे घातले, ढाली जुळवल्या, अडवून धरलं. नेहमीसारखंच. तेवढ्यात एका पेशंटचा फोन आला, दाढ काढलेली जागा ठणकत होती. मी जिन्यात गेले. परत आले तर अक्का खुर्चीतून उठून टेबलाशी उभी होती, दोन्ही हात कमरेवर ठेवून, पुढे वाकून. ते उभं राहणं मी ओळखलं.

"ह्यांना मागे घे," ती म्हणाली.

"मागे घेतले तर तो आत येईल."

"येऊ दे की. आला तर पळेल. पळेल तर दमेल." तिने लाल सोंगट्यांच्या वाटीकडे बोट दाखवलं. "तू त्याला अडवत बसलीयस म्हणून तो ताजातवाना आहे. खो-खोत पळणारी काय करते? पकडणारीला सगळं मैदान फिरवते."

पुणेकर हसला. "अक्का, तुम्हीच चालवा ना एक डाव. डॉक्टर, चालेल ना?"

चालेल म्हणायचं नाही तर काय? अक्काने माझे हलके धनुर्धारी, ज्यांना मी नुसते शोभेला मागे ठेवायची, ते बाहेर काढले. ते घोड्यांच्या तोंडाशी यायचे, एक बाण सोडायचे, मागे. पुन्हा यायचे, पुन्हा मागे. पुणेकर इरेला पेटून पाठलाग करत राहिला आणि त्याच्या घोड्यांभोवती लाल सोंगट्या जमत गेल्या, पडवीत गुंजा सांडाव्यात तशा. मग अक्काने माझा मोठा हत्ती उचलला. सोंडेला धरून उचलला, मी कधीच तसा उचलत नाही. तो तिने सरळ त्या दमलेल्या घोड्यांत घातला. फासे टाकले. घोडदळ फुटलं.

आणि अक्का हसली. तोंडावर हात न घेता, घशातून, शाळेत हसायची तशी. शेजारच्या टेबलावरचे व्हायकिंगवाले वळून बघायला लागले. पुणेकराने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्याच फौजेचा विजय होता तो, आणि माझ्या छातीत जे दाटून आलं त्याला आनंद म्हणता आलं नसतं.

घरी आल्यावर आईला मीच सांगितलं, "आज अक्का हसली." आईच्या हातातला झारा तसाच राहिला. तिने पदर डोळ्यांना लावला आणि त्या संध्याकाळी अक्काला आवडतात म्हणून नीर दोसे केले. अक्का जेवता जेवता डाव सांगत होती, वाटी म्हणजे टेकडी, पेला म्हणजे हत्ती. माझा नवरा पेपर बाजूला ठेवून ऐकत होता. "मग घोडे कुठे गेले?" असं त्याने विचारलं. इतक्या वर्षांत घोडे कुठे गेले हे त्याने मला एकदाही विचारलं नव्हतं. मी चटणी वाढून घेतली.

त्यानंतर ती दर रविवारी यायला लागली. आधी ती माझी एक बाजू चालवायची, मग दोन्ही, मग मी बाजूला उभी राहून पट्टी धरायला लागले. एका रविवारी तिला सर्दी झाली म्हणून मी एकटी गेले, तर जिन्यातच पुणेकर म्हणाला, "अक्का कुठेत?" मग त्याच्या लक्षात आलं आणि तो घाईने म्हणाला, "म्हणजे, या ना डॉक्टर, मस्त." त्या दिवशी आम्ही दोघं पूर्वीसारखे खेळलो. तो सारखा म्हणत होता, इथे अक्कांनी काय केलं असतं? मी हरले.

आमच्या खेळणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यावर फोटो यायचे. माझे हत्ती, माझे अंबाडे, माझ्या मिशा, आणि खाली लिहिलेलं: अक्कांची सेना. मी अंगठ्याचं चित्र टाकून मोकळी व्हायची.

पण सगळ्यांत जास्त लागलं ते आईचं. एका दुपारी मी दवाखाना बंद करून वर आले तर माझी पेटी उघडी होती. आई आणि अक्का जमिनीवर बसल्या होत्या, मधे दुपट्यावर सगळी फौज मांडलेली. आईने चष्मा लावला होता आणि मोठा हत्ती तळहातावर घेऊन ती त्याची झूल निरखत होती.

"किती बारीक काम आहे गं," आई म्हणाली. "ही वेल तर अगदी माझ्या लग्नातल्या शालूच्या काठासारखी."

ती त्या शालूच्याच काठाची होती. मी काठ समोर ठेवूनच काढली होती. आई स्वयंपाकघरातून येता-जाता कैकदा माझ्या रंगवायच्या टेबलाशी थांबली असेल, पण तेव्हा त्या बाहुल्या होत्या. आता अक्का त्यांच्याशी खेळते म्हणून आईने चष्मा लावला.

"मीच केलंय," मी म्हटलं. आवाज वाकडा लागला.

"ठाऊक आहे की," आई म्हणाली. "बघ ना, केवढा उपयोग झाला ह्या पोरीला."

उपयोग. मी दवाखान्यात परत गेले आणि धुतलेलीच हत्यारं पुन्हा धुतली.

मग त्या मोठ्या लढाईची टूम निघाली. सुट्टीच्या एका दिवशी माडीवरची सगळी टेबलं जोडून एकच मैदान करायचं, नदीच्या दोन तीरांवर दोन फौजा, इकडे राष्ट्रकूट, तिकडे प्रतिहार. ही कल्पना माझी होती. गेल्या दिवाळीपासून मी पुणेकराच्या मागे लागले होते. ग्रुपवर त्याचा निरोप आला: "राष्ट्रकूट अक्का चालवतील. डॉक्टर, तुम्ही माझ्या बाजूने प्रतिहारांची डावी फळी घ्याल का? आमच्याकडे एक माणूस कमी आहे."

मी तो निरोप गच्चीवर वाचला. सकाळची वेळ होती, अक्का दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"नाही कसं? ओठ बघ कसे आवळलेयस."

आणि मग माझ्याकडून निघून गेलं. "मला तुझा हेवा वाटतो, अक्का. खूप. तू आलीस आणि ते सगळं तुझं झालं. फौज मी केली. एकेक मिशी मी लावली. तो पुण्याचा मुलगा तुझं नाव घेतो, आई तुझ्यासाठी माझे हत्ती बघते. माझं असं एकच होतं. तेही तुला इतकं सोपं कसं जातं?"

अक्काच्या हातात ओली उशीची खोळ होती. ती तिने पिळली, जरा जास्तच पिळली. मला वाटलं आता रडेल, आणि खाली आई ऐकेल, आणि माझं काय होईल.

"परत म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"पहिलं वाक्य. परत म्हण."

"मला तुझा हेवा वाटतो."

ती पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली. "हे गेल्यापासून मला असं कुणी काही बोललं नाही. सगळे म्हणतात सावर, जेव, झोप लागते का. रिक्षावाल्यालासुद्धा कुणीतरी सांगून ठेवल्यासारखं वाटतं. माझ्याकडे बघून प्रत्येकाला आपण बरे आहोत असं वाटतं गं. तुझ्या पोटात दुखतंय, म्हणजे माझ्याकडे अजून काहीतरी आहे." तिने नाक पुसलं. "तू हेवा कर. थांबू नकोस."

आता मी काय करणार होते? मी भांडायला उभी राहिले होते. तिला बरं वाटावं म्हणून मी ते बोलले नव्हते. उलट जरा तरी लागावं म्हणून बोलले होते. आणि तिने तेसुद्धा माझ्या हातून अलगद घेतलं. माझा हेवाही तिच्याच कामी आला.

"मी नको येऊ का त्या दिवशी?" तिने विचारलं.

"ये. सगळ्यांना सांगून झालंय."

"मग तुझी फौज नको घेऊ?"

मी दोरीवरच्या चिमट्यांकडे बघत राहिले. तिला दुसरी फौज कुठून मिळणार होती? "घे," म्हटलं. "पण मी तुझ्याविरुद्ध खेळणार. आणि अजिबात सोडणार नाही."

"सोडलंस तर बघ," अक्का म्हणाली, आणि उरलेले कपडे वाळत घालू लागली.

लढाईच्या दिवशी माडी भरली होती. पुणेकराने मला त्याच्या घोडदळाची डावी फळी दिली आणि नदीचा उतार धरून ठेवायला सांगितलं. पलीकडच्या तीरावर माझी सगळी फौज उभी होती. समोरून मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. नेहमी तिची पाठ माझ्याकडे असायची. समोरून ती फार सुंदर दिसत होती. कुंडलं चमकत होती. हत्तीच्या झुलीवर खिडकीतलं ऊन पडलं होतं. आणि तिच्यामागे, हात कमरेवर ठेवून, अक्का.

दुपारपर्यंत ती आम्हाला नाचवत होती. पुणेकर आता शहाणा झाला होता, पाठलाग करत नव्हता. पण त्याच्या उजव्या फळीवरचा भिडू नवा होता, तो धनुर्धाऱ्यांमागे लागला आणि लाल सोंगट्यांनी वेढला गेला. जेवणाच्या सुट्टीत सगळे अक्काभोवती. मी कोपऱ्यात चित्रान्नाचा डबा उघडला.

जेवणानंतर अक्काने हत्ती नदीत घातले, सरळ माझ्या अंगावर. मला ठाऊक होतं ती तेच करणार. तिला हत्तीच्या धडकेचा मोह आवरत नाही. पण त्या हत्तीचा नियम मी कितीदा वाचला होता! त्याच्यावर पुरेसे बाण बसले की तो बिथरतो, आणि बिथरला की कुठे धावायचं हे फासा ठरवतो. मी घोडेस्वारांना हातही लावला नाही. फाशांनी दिलेली सगळी मुभा मी मागच्या तिरंदाजांवर लावली, आणि दुसरं काहीही न करता त्या एका मोठ्या हत्तीवर बाण सोडत राहिले.

"डॉक्टर, घोडे!" पुणेकर ओरडला. "घोडे हलवा ना!"

"थांब."

हत्ती नदीच्या मध्यावर बिथरला. दिशेचा फासा अक्काने टाकला, कारण हत्ती तिचा होता, म्हणजे त्या दिवशी तिचा. तो उलटा फिरला. तिच्याच भालेवाल्यांत घुसला, ढाली फुटल्या, मागची तुकडी त्याच्या पायाखाली आली. मग मी घोडे सोडले. ताजे, एकही लाल सोंगटी नसलेले. संध्याकाळी नदीचा पलीकडचा तीर आमचा होता.

पुणेकराने माझा हात हातात घेऊन हलवला. आणि मग तो, आणि बाकी सगळे, वळसा घालून पलीकडे गेले. "अक्का, काय खेळलात!" "फाशाने घात केला, नाहीतर..." "काही मनाला लावून घेऊ नका हं." मी नदीच्या अलीकडे एकटी उभी होते, जिंकलेली.

पण अक्का त्यांच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचं तोंड लालबुंद झालं होतं.

"तुला मारायला हत्तीच सापडला? तुझा स्वतःचा हत्ती?"

"माझा म्हणूनच. त्याला कुठे लागतं ते मला ठाऊक आहे."

"ही काय रीत झाली? समोर उभं राहून लढायचं सोडून लांबून बाण?"

"तू गेले कित्येक रविवार तेच करतेयस, अक्का!"

कुणीतरी कॉफी मागवतो म्हणून खाली सटकलं. अक्काने सैनिक पेटीत भरले, नीट, एकेक करून, पण माझ्याशी बोलली नाही. मेट्रोत ती दाराशी उभी राहिली, मी बसले. राजाजीनगरला उतरून घरापर्यंत ती माझ्या पुढे दहा पावलं चालत होती. लहानपणी कॅरममध्ये हरली की अशीच चालायची. मी ते पार विसरून गेले होते.

आईने दार उघडलं, आमची तोंडं बघितली. "काय झालं?"

"हिने हरवलं मला," अक्का म्हणाली.

आई माझ्याकडे वळली. "कशाला गं हरवायचं तिला? बिचारी आधीच—"

"बिचारी म्हणू नकोस!" अक्का इतक्या जोरात ओरडली की माझा नवरा आतून बाहेर आला. "बिचारी काय? पुढच्या खेपेला हिचे घोडे कापते की नाही बघ." आणि चपला कोपऱ्यात भिरकावून ती आत गेली.

आई माझ्याकडे बघत राहिली. मी खांदे उडवले. मला फार बरं वाटत होतं. ती माझ्यावर चिडली होती, पाहुणीवर किंवा धाकट्या बहिणीवर चिडतात तशी नाही. हरवणारीवर चिडतात तशी. तेवढी संध्याकाळ मला तिचा हेवा वाटला नाही. तेवढीच.

कारण नंतर काय झालं? इंदिरानगरच्या त्या नव्या भिडूची बायको एका शाळेत शिकवते. तिथे खेळाच्या शिक्षिकेची जागा रिकामी होती. अक्का भेटायला गेली आणि परत आली ती शिट्टी विकत घेऊनच. महिन्याभरात तिने शाळेजवळ दोन खोल्या घेतल्या. आई रडली, मग डबे भरून देऊ लागली. वेताची खुर्ची आता माझा नवरा वापरतो.

रविवारी ती तिच्या बसने येते, मी माझ्या मेट्रोने. माझी फौज तिने पुन्हा मागितली नाही. "मला माझी हवी," म्हणाली, आणि तळकाडच्या गंग राजांची फौज करायला घेतली. मी म्हटलं, रंगवायला मी शिकवते. ती म्हणाली, "तू नको, तू ओरडशील. तो पुण्याचा शिकवतोय." शनिवारी दुपारी ते दोघं आणि आणखी एक-दोन जण तिच्या खोलीवर रंग घेऊन बसतात. मला बोलावतात. शनिवारी माझा दवाखाना असतो.

मी पुन्हा माझी फौज चालवते. पूर्वीपेक्षा बरी चालवते. धनुर्धारी आता मागे ठेवत नाही. कधी जिंकते. जिंकले की पुणेकर म्हणतो, "अक्कांची ट्रिक ना ही?" तिचीच असते. नाही कसं म्हणू?

परवा अक्काने तिची पहिली तुकडी रंगवून आणली. रंग भिंतीला लावतात तसा जाड, ढालींचे काठ ओघळलेले, आणि एकूण एक सैनिकाचे डोळे तिरळे. सगळे टेबलाभोवती जमले. मी एक सैनिक उचलून उजेडात धरला.

"डोळे तिरळे झालेत," मी म्हटलं.

"असू देत की," अक्का म्हणाली. "दोन्ही बाजूंना लक्ष राहतं."

माडी हसून दुमदुमली. पुणेकराने डोळे पुसले. मीही हसले, स्वल्प उशिरा, आणि तो सैनिक होता तिथे ठेवून दिला.